मामांचं कपाट आणि आमचा थर्मोकोलचा डबा

आमच्या मायक्रोबायोलॉजीच्या डिपार्टमेंटला एक लाकडी कपाट आहे. आता त्यात जुनी जर्नल्स आणि फुटक्या टेस्ट ट्यूबचे खोके कोंबलेत, पण त्याआधी वीसेक वर्षं ते कपाट म्हणजे आमचा इनक्युबेटर होता, जंतू वाढवायला ठरावीक उबेत ठेवायची पेटी. मामांनी बनवलेला. मामा म्हणजे लॅब अटेंडंट, प्रत्येक कॉलेजात असतात तसे. आत दोन पिवळे बल्ब, जुन्या इस्त्रीतून काढलेला थर्मोस्टॅट ज्याचा स्क्रू पिळून पिळून ३७ डिग्रीवर आणलेला, बाहेर लाल इंडिकेटर, आणि दाराला आतून खडूची एक रेघ जिचा अर्थ मामा सोडून कुणालाच कळत नव्हता. मी या कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले तेव्हा हे कपाट बघून हसले होते, मग पहिल्याच प्रॅक्टिकलला त्यात सगळ्या बॅचच्या प्लेट्स (जंतू वाढवायच्या चपट्या ताटल्या) झकास उगवल्या आणि हसणं बंद झालं.

मामा रिटायर झाले, गावाकडे द्राक्षबागेत गेले. पुढचे दोन पावसाळे कपाट चाललं आणि मग एका सोमवारी येऊन बघतो तर आत ५२ डिग्री, शनिवार-रविवार बल्ब चालूच राहिले होते, टीवायच्या पोरांचे सगळे कल्चर, म्हणजे वाढवलेले जंतू, मेले. थर्मोस्टॅट चिकटला होता बहुतेक. बहुतेक म्हणते कारण आम्ही तिघं-चौघं मायक्रोबायोलॉजीवाले त्या वायरींकडे बघत उभे राहिलो आणि कुणाला काही कळेना. कुठली वायर कुठून कुठे जाते, मध्येच तो फ्यूज का, रेघ कशाची. कागद नाही, चिठ्ठी नाही. शेवटी वायरी काढल्या, आतली जळमटं झाडली, तळाशी एक स्टीलची वाटी सापडली जिच्यात निळसर हिरवट काहीतरी सुकून खडा झालं होतं, ती पण कचऱ्यात टाकली. ही वाटी लक्षात ठेवा.

नवीन इनक्युबेटरची कोटेशन्स मागवली. तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, परचेस कमिटी, हा सगळा प्रवास ज्यांनी केलाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही केला त्यांना सांगून समजणार नाही. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या विनाअनुदानित तुकडीला तीस हजार रुपये म्हणजे "पुढच्या वर्षी बघू". प्रॅक्टिकल तर याच टर्मला होतं.

मग रात्री बसून नेटवर शोधायला लागले आणि तिथून जी घसरले ते आजतागायत. जगभर लोक लॅबची यंत्रं घरी बनवतायत आणि नुसती बनवत नाहीत, ड्रॉइंगसकट, सामानाच्या यादीसकट, कुठे काय चुकलं त्याच्यासकट फुकट टाकून देतायत, याला ओपन सोर्स म्हणतात. २००८ मध्ये अमेरिकेत केंब्रिजला जेसन बोब आणि मॅकेन्झी काउवेल या दोघांनी डीआयवायबायो नावाचं काम सुरू केलं, घरच्या घरी जीवशास्त्र करणाऱ्या लोकांना एकत्र आणायचं. पुढच्याच वर्षी हॅकटेरिया हा तसाच गट आला, त्याच्या तीन संस्थापकांमध्ये बंगळुरूचे यशस शेट्टी आहेत, म्हणजे आपल्या शेजारचेच. हॅकटेरियाची एक कृती प्रसिद्ध आहे, स्वस्तातला वेबकॅम उघडायचा, पुढची बारीक लेन्स काढायची, उलटी करून परत बसवायची, झाला मायक्रोस्कोप. मी ती त्याच रात्री केली. घरात एक पडीक वेबकॅम होता, चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने उघडला, लेन्स उलटी केली आणि कांद्याचा पापुद्रा खाली धरला. पेशी दिसल्या. भिंती भिंती एकदम स्पष्ट. रात्री दीडला मी एकटी किचनमध्ये ओरडले आणि सासूबाई उठून आल्या की काय झालं. त्यांना दाखवलं तर म्हणाल्या, विटा रचल्यासारखं दिसतंय गं.

असो. इनक्युबेटर. त्याची पण एक कृती नेटवर सापडली.

थर्मोकोलचा डबा मेडिकलवाल्याकडून आणला, त्यांच्याकडे लसी येतात त्या बॉक्समध्ये, ते बॉक्स नंतर मागे पडूनच असतात. पुण्याला गेले होते तेव्हा तपकीर गल्लीतून डब्ल्यू-१२०९ नावाचा छोटा थर्मोस्टॅट बोर्ड घेतला, शंभर-दीडशे रुपयाला मिळतो, त्याला वायरच्या टोकाला सेन्सर असतो, आकडे दाखवतो आणि एक रिले असतो जो बल्ब चालू-बंद करतो. बोर्डाला १२ व्होल्ट लागतात, त्याला जुन्या राउटरचा अडॅप्टर चालला. बल्ब मात्र साधा पिवळा पाहिजे, एलईडी गरम होत नाही ना. आणि साधा बल्ब आता दुकानदार शोधून पण देत नाहीत. शेवटी पोल्ट्रीच्या सामानाच्या दुकानात मिळाला, पिल्लांना ऊब द्यायला लागतो म्हणून ते ठेवतात. कॉम्प्युटरचा एक छोटा पंखा आत, हवा फिरवायला.

आता चुका, कारण चुका कुणी लिहीत नाही. पहिली म्हणजे त्या बोर्डात दोन मोड असतात, एक तापवायचा एक थंड करायचा, पी-झिरो सेटिंगमध्ये एच किंवा सी. आमचा सी वर होता. म्हणजे त्याला वाटत होतं की दिवा हा फ्रिज आहे, ठरवलेल्या आकड्याच्या वर गेलं की जितकं तापेल तितका दिवा चालूच ठेवणार. बल्ब थर्मोकोलच्या फार जवळ लावला होता ही दुसरी चूक, आणि दोन्ही चुका एकाच दिवशी भेटल्या त्यामुळे डब्याला वाटीएवढं भोक पडलं आणि लॅबभर असा वास की शेजारच्या केमिस्ट्रीवाल्यांनी येऊन विचारलं तुमचं काय जळतंय. त्यांनी! केमिस्ट्रीवाल्यांनी!

दुसरा डबा. यावेळी बल्बभोवती पत्र्याच्या डब्याचं कवच, डबा थर्मोकोलपासून लांब, २३० व्होल्टच्या सगळ्या जोडण्या जंक्शन बॉक्समध्ये बंद, फ्यूज आणि अर्थिंग. हे शेवटचं मी इलेक्ट्रिशियनला बोलावून करून घेतलं आणि तुम्ही पण तसंच करा, पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा. मग कळलं की बोर्डाचा फरक, म्हणजे किती डिग्री खाली आलं की परत चालू करायचं तो आकडा, २ वर सेट असतो, म्हणजे ३७ म्हटलं तरी ३५ पर्यंत खाली जाणार. तो ०.५ केला. मग रिले सारखा टकटक करायला लागला पण तापमान बऱ्यापैकी धरून राहिलं. सेन्सर पण सरळ विश्वास ठेवण्यासारखा नसतो, चुरलेला बर्फ आणि थोडं पाणी मिसळून त्यात बुडवला तर शून्य दाखवायला पाहिजे, आमचा दीड दाखवत होता. तेवढा फरक बोर्डात दुरुस्त करायची सोय आहे, केली. पंखा नव्हता लावला तेव्हा डब्याच्या वरच्या आणि खालच्या भागात चार डिग्रीचा फरक होता, पंख्यानंतर एकाहून कमी झाला. हे सगळं वहीत लिहिलंय, तारखेसकट.

खर्च सगळा मिळून हजाराच्या आत. आणि तरी हा इनक्युबेटर कॉलेजच्या लेखी अस्तित्वातच नाही, कारण डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे सामानाच्या नोंदवहीत, चढवायचा तर बिल पाहिजे आणि बिल कशाचं दाखवणार, बल्बचं? मामांचं कपाट पण रजिस्टरमध्ये "लाकडी कपाट, १ नग" एवढंच आहे, मी बघितलं. मध्ये एक कमिटी येणार होती तेव्हा वरून निरोप आला की तो थर्मोकोलचा डबा टेबलाखाली सरकवा, बरं दिसत नाही. सरकवला. आत दही लावलं होतं, ते टेबलाखाली पण लागलं.

या सगळ्यात मला एक गोष्ट डोक्यात बसली ती म्हणजे जुगाड आणि ओपन सोर्स हे एकच नव्हेत. आपण लगेच म्हणतो अरे हे तर आपण पूर्वीपासून करतोय, आपल्याकडे जुगाड आहेच. हो आहे की. मामा काय कमी होते का, माझ्यापेक्षा दहापट हुशार माणूस. पण मामांचं कपाट मामांच्या डोक्यात होतं आणि मामा गेले द्राक्षात. दुसऱ्या कॉलेजला तसं कपाट पाहिजे असतं तर मामांनाच उचलून न्यावं लागलं असतं. ओपन सोर्सवाल्यांचं यंत्र कधीकधी मामांच्या यंत्रापेक्षा भिकार असतं पण त्याच्याबरोबर कागद असतो, आणि त्या कागदावर लायसन्स असतं की घ्या, बनवा, बदला, विका पण, फक्त जे बदलाल ते परत दाखवा. सगळ्यांचं लायसन्स एवढं उदार नसतं पण साधारण असं.

महाराष्ट्रात हे आधी झालेलंच नाही असं पण नाही. पाबळला शिरूर तालुक्यात डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, हातांनी काम करत शिकायचं, आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर जगात जे अगदी पहिले फॅब लॅब (हवी ती वस्तू स्वतः बनवून बघायच्या कार्यशाळा) उभे राहिले त्यात पाबळचा आहे, २००२ सालचा. शिरूर तालुका! अरविंद गुप्तांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात बसून कचऱ्यातून खेळणी केली आणि प्रत्येक खेळण्याची कृती, फोटो, व्हिडिओ सगळं मोकळं टाकलं. मी शाळेत असताना त्यांच्या कृतीवरून केलेली स्ट्रॉची पिपाणी वाजवून मार खाल्लेला आहे. ओपन सोर्स हा शब्द तेव्हा माहीत नव्हता, पिपाणी माहीत होती.

खेळण्यावरून आठवलं. सेंट्रिफ्यूजचं, म्हणजे गरगर फिरवून मिश्रणातलं जड-हलकं वेगळं करायच्या यंत्राचं, लेक्चर घेते तेव्हा मी आता बटण आणि दोरा घेऊन जाते. शर्टाच्या मोठ्या बटणाच्या दोन भोकांतून दोरा ओवायचा, गाठ मारायची, दोन्ही हातात धरून पिळ द्यायचा आणि ताणायचं-सोडायचं, बटण भुर्रर्र फिरतं. कुणी भिंगरी म्हणतं, कुणी भिरभिरं, आम्ही सोडावॉटरच्या बाटलीचं बूच रुळावर ठेवून चपटं करून आणायचो आणि त्याची करायचो, घरच्यांना कळलं असतं तर रुळावरच चपटं केलं असतं. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या लॅबने, त्यात साद भामला होते, या भिंगरीचा पेपरफ्यूज केला. मनू प्रकाश युगांडात गेले होते तर तिथल्या एका दवाखान्यात सेंट्रिफ्यूज दार उघडं राहावं म्हणून दाराला लावून ठेवलेलं दिसलं, कारण वीजच नव्हती. मग या लोकांनी यो-योपासून सगळी फिरणारी खेळणी तपासली आणि भिंगरी सगळ्यात जोरात निघाली. २०१७ च्या जानेवारीत पेपर आला. कागदाच्या चकत्या, दोरा, धरायला दोन दांड्या, रक्ताची बारीक नळी ठेवायला स्ट्रॉचे तुकडे, वजन दोन ग्रॅम, किंमत २० सेंट. कमाल वेग मिनिटाला १,२५,००० फेरे आणि जोर गुरुत्वाकर्षणाच्या ३०,००० पट. दीड मिनिटात रक्तातला प्लाझ्मा वेगळा, आणि पंधराएक मिनिटात मलेरियाचे परजीवी वेगळे काढता येतात. त्यांनी त्याचं गणित पण मांडलंय, दोरा ताणतो तेव्हा पीळ सुटतो आणि मग उलटा पीळ बसताना दोरा नुसता पिळत नाही तर स्वतःवरच गुंडाळतो, डीएनए गुंडाळतो ना सुपरकॉइल, तसा. हे टीवायच्या वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरचा पण मान वर करतो.

आम्ही केला का? केला. रक्त नाही वापरलं, काचेची नळी फुटली तर काय घ्या, आणि पोरांच्या घरच्यांना काय सांगणार. हळदीचं पाणी घेतलं, स्ट्रॉचे दोन तुकडे एका टोकाला मेणबत्तीने वितळवून बंद केले, समोरासमोर चिकटवले. वजन दोन्हीकडे सारखं पाहिजे नाहीतर भिंगरी थडथडते, हे सेंट्रिफ्यूजचं पहिलं बाळकडू आणि ते हाताला जाणवतं, मशीनच्या वेळी नुसतं "ट्यूब बॅलन्स करा रे" म्हणून ओरडावं लागतं. दोन मिनिटं फिरवल्यावर हळद टोकाला जाऊन बसली, वर स्वच्छ पिवळसर पाणी. १,२५,००० च्या जवळपास सुद्धा आम्ही गेलो नसणार, एका पोराचा दोरा तुटून चकती ट्यूबलाइटला लागली तेव्हा मात्र वेग बरा होता असं वाटतं.

भामला नंतर जॉर्जिया टेकला गेले आणि तिथे त्यांच्या गटाने माझ्या मते याहून भारी वस्तू केली, इलेक्ट्रोपेन. बॅक्टेरियात बाहेरचा डीएनए घालायचा तर पेशीच्या पडद्याला क्षणभर भोकं पाडावी लागतात, त्यासाठी जोरदार विजेचा झटका देतात, आणि ते यंत्र हजारो डॉलरचं. यांनी काय केलं तर लायटर उघडला. आपला गॅसचा लायटर असतो ना, बटण दाबलं की टक आवाज आणि ठिणगी, आत एक स्फटिक असतो आणि त्याच्यावर बारकी हातोडी आपटते, आपटली की त्यातून व्होल्टेज येतं. स्प्रिंगमुळे प्रत्येक वेळी हातोडी तेवढ्याच जोराने आपटते, तुम्ही रागाने दाबा नाहीतर प्रेमाने. म्हणून झटका दर वेळी सारखा, साधारण २,००० व्होल्ट, पाच मिलिसेकंद. थ्रीडी प्रिंट केलेलं आवरण धरून किंमत २३ सेंट. २०२० मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यात हायस्कूलच्या मुलांनी पण काम केलंय. मी तेव्हापासून चहा ठेवताना लायटरकडे जरा आदराने बघते.

पण खरं सांगू का, भिंगरी आणि लायटर या गोष्टी वाचायला मस्त, फेसबुकवर शेअर करायला मस्त, रोजच्या लॅबला त्यांचा उपयोग मला तरी फार झालेला नाही. रोज लागतं ते कंटाळवाणं सामान, ढवळायचं यंत्र, जेल चालवायची पेटी, धरून ठेवायचे स्टँड. मॅग्नेटिक स्टरर आम्ही कॉम्प्युटरच्या १२ व्होल्टच्या पंख्यावर बंद पडलेल्या हार्डडिस्कमधलं चुंबक चिकटवून केला. ते अर्धचंद्रासारखं चुंबक असतं, त्याच्या एकाच तोंडावर दोन्ही ध्रुव असतात त्यामुळे एक तुकडा पुरतो. पत्र्यावरून सोडवताना पक्कड वापरा, बोटं चिमटतात आणि चुंबक काचेसारखं तुटतं. वर सीडीच्या डबीचं झाकण, त्यावर बीकर. वेग कमी-जास्त करायला पंख्याच्या मोटरचा कंट्रोलर. बीकरमध्ये चुंबकाची छोटी दांडी टाकतात, ती खालच्या चुंबकाबरोबर फिरून ढवळते; फार जोरात केलं की ही दांडी चुंबकाला दाद देत नाही, एका कोपऱ्यात जाऊन नाचत बसते, तेव्हा बंद करून हळूहळू वाढवायचं. एवढंच. हा स्टरर तीन वर्षं चालतोय आणि यावर कुणी पेपर लिहिणार नाही.

मधल्या जातीतलं, म्हणजे दिसायला भारी आणि कामाला पण येतं असं एकच मला माहीत आहे ते म्हणजे ओपनफ्लेक्शर मायक्रोस्कोप. इंग्लंडमध्ये रिचर्ड बोमन आणि मंडळींनी केला, २०१६ ला त्याचा पहिला पेपर. मायक्रोस्कोपमध्ये महाग काय असतं तर लेन्स आपल्याला वाटते पण स्लाइड सरकवायचं स्टेज सुद्धा तेवढंच, एक हजारांश मिलिमीटर सरकायला पाहिजे आणि लडबडायला नको. यांनी सरकवणंच काढून टाकलं. शाम्पूच्या बाटलीचं झाकण बघा, बिजागरी वगैरे काही नाही, प्लास्टिकची पातळ पट्टी वाकते आणि झाकण हजार वेळा उघडतं. तसं अख्खं स्टेजच वाकणाऱ्या पट्ट्यांवर उभं, थ्रीडी प्रिंटरमधून एकाच तुकड्यात निघतं, घासायला काही नाहीच त्यामुळे लडबडायला पण काही नाही. हलवायला बारीक स्टेपर मोटर, एसीची पाती वरखाली करतात तीच, स्वस्त. कॅमेरा रास्पबेरी पाय या छोट्या स्वस्त कॉम्प्युटरचा. टांझानियात स्थानिक लोक हे मायक्रोस्कोप तिथेच प्रिंट करून जुळवतात आणि मलेरियाच्या कामासाठी तिथल्या इफाकारा हेल्थ इन्स्टिट्यूटबरोबर वापरून बघितलेत. मोडलं तर भाग परत प्रिंट करायचा, परदेशातून इंजिनियर येईपर्यंत सहा महिने थांबायचं नाही, माझ्या दृष्टीने स्वस्तपणापेक्षा हे मोठं. आमच्या जिल्ह्याच्या गावी एका हॉस्पिटलला (नाव नको) चांगलं मशीन एका गास्केटसाठी वर्षभर झाकून ठेवलेलं मी बघितलंय.

आमचा ओपनफ्लेक्शर मात्र अजून पूर्ण नाही. पहिला प्रिंट पुण्यातून करून आणला, एसटीत मांडीवर घेऊन आले, आणि एक पाय तुटला. दुसरा प्रिंट एका विद्यार्थ्याच्या भावाने केला, त्यात पट्ट्या जाड आल्या, वाकतच नाहीत. तिसरा होतोय.

आणि या विषयावरचं जे उत्साही लिखाण असतं त्यात एक गोष्ट हळूच गाळतात ती पण सांगून टाकते. यंत्र स्वस्त झालं म्हणजे प्रयोग स्वस्त झाला असं नाही. ओपनपीसीआर नावाचं यंत्र जॉश परफेटो आणि टिटो जँकोव्स्की यांनी २०१० मध्ये लोकांकडून पैसे गोळा करून बनवलं, पीसीआर म्हणजे डीएनएच्या भराभर प्रती काढायची पद्धत, आणि तिचं यंत्र म्हणजे शेवटी काय, ९५ डिग्रीला तापव, ५५-६० ला आण, ७२ ला ने, असं तीसेक वेळा, सुरुवातीला तर लोक तीन भांड्यांत गरम पाणी ठेवून हाताने ट्यूब हलवायचे. यंत्र जमेल हो. पण आत टाकायचं एन्झाइम, प्रायमर (कुठून प्रत काढायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे), ते बर्फात येणार, आमच्या गावात कुरिअरवाला दोन दिवस गोडाऊनला ठेवणार, बर्फाचं पाणी. प्रती काढणाऱ्या टॅक एन्झाइमचे मूळ पेटंट कधीच संपलेत, ई. कोलाय नावाच्या बॅक्टेरियात तो स्वतः बनवता येतो आणि बऱ्याच लॅब बनवतात, त्यामुळे आता लोक यंत्रांसारखे एन्झाइम पण मोकळे करायच्या मागे लागलेत. ते झालं तर खरी मजा.

दुसरं, सगळं घरी करायचं नसतं. आम्ही डब्यात दही, इडलीचं पीठ, यीस्ट एवढंच उगवतो. पोरं म्हणतात मॅडम मोबाइलवरचा स्वॅब लावूया, ३७ डिग्रीला अंगावरचे जंतूच मजेत वाढतात आणि त्यात काय येईल सांगता येत नाही, म्हणून लावलाच तर प्लेटला टेप, उघडायची नाही, आणि शेवटी कुकरमध्ये. कुकर हा गरिबाचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारायचं यंत्र, १५ पाउंड दाबाला आत १२१ डिग्री होतं, घरचा कुकर त्याच्या आसपास जातो, फक्त शिट्ट्या मोजायच्या नाहीत, बारीक गॅसवर मिनिटं मोजायची. आणि तो कुकर परत स्वयंपाकाला नाही, कधीच नाही, आमच्या कुकरवर लाल ऑइलपेंटने खूण आहे.

तर डबा. डबा सगळं व्यवस्थित करत होता, ३७ म्हणजे ३७, आणि तरी आमच्या प्लेट्स तिसऱ्या दिवशी सुकायच्या. आगार, म्हणजे प्लेटमधला जंतू वाढायचा जेलीसारखा थर, कडेने सुटून पापडासारखा वर यायचा. पंखा बंद करून बघितला, प्लेट्स पिशवीत घालून बघितल्या, तर मग आत घाम धरून जंतूंच्या वसाहती एकमेकांत वाहायला लागल्या. नेटवरच्या त्या मूळ कृतीत याबद्दल एक अक्षर नव्हतं. मामांच्या कपाटात तर प्लेट्स आठवडाभर राहायच्या. शेवटी मामांना फोन लावला.

"आवं मॅडम, आत वाटी ठिवलीया का न्हाई पाण्याची?"

मी गप्प.

"नुसतं पाणी नका ठिवू, बुरशी धरती. चिमूटभर मोरचूद टाका त्यात. आन वाटी स्टीलचीच घ्या, जर्मलची घेतली तर चार दिसात भोकं पडतील."

जर्मल म्हणजे अॅल्युमिनियम. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणाला द्राक्षवाले पोत्याने आणतात. मोठमोठ्या लॅबमधल्या इनक्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये पण लोक हेच टाकतात, मी नंतर वाचलं. मामांनी कुठे वाचलं होतं विचारलं तर म्हणाले वाचायचं काय त्यात, बागेत चालतं तर कपाटात का चालणार नाही.

आणि ती रेघ? ती पाण्याची. प्लेट्सचा ट्रे रेघेच्या खाली ठेवायचा नाही, खाली वाटीजवळ झाकणांना घाम धरतो.

वाटी ठेवली, प्लेट्स आठव्या दिवशी पण ओल्या. हे सगळं फोटोंसकट लिहून त्या मूळ कृतीखाली टाकायचं ठरवलं, तर टीवायची एक पोरगी म्हणाली मॅडम चिमूटभर म्हणजे किती, बाहेरच्या लोकांना चिमूट कशी कळणार. बरोबर होतं तिचं. मामा रविवारी बाजाराला आले होते तेव्हा लॅबमध्ये घेऊन आलो, डिजिटल काट्यावर कागद ठेवला आणि म्हटलं मामा घाला चिमूट. तीन वेळा घातली. ०.६, ०.७, ०.६ ग्रॅम. मग मी माझी घातली तर ०.३. पोरीने वहीत दोन्ही लिहिल्या आणि मामांच्याला गोल केला.